विमानतळाच्या कडेची विहीर

ज्या विमानतळावर मी कधी पाऊल ठेवलेलं नाही, त्याच्या जुन्या इमारतीत स्वच्छतागृहं कुठे आहेत, सामानाचा पट्टा कोणत्या खांबापाशी वळतो आणि पावसाचं पाणी कोणत्या गटारातून समुद्राकडे जातं, हे मला तोंडपाठ आहे. विमानतळ भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर आहे. बेटाचं नाव लिहीत नाही. नोकरीच्या करारात तशी अट आहे, आणि नाव लिहिल्याने माझी चूक लहान होणार नाही.

मी वसई पूर्वेच्या एका कार्यालयात नकाशे काढतो. परदेशातले अभियंते मोजमापं आणि फोटो पाठवतात, आम्ही त्यांचे नकाशे करून परत पाठवतो. कधी इस्पितळ, कधी पूल. गेली तीन वर्षं हा विमानतळ. उन्हाळ्यात त्या बेटावर युरोपातून सुट्टीसाठी माणसं लोटतात, आकाशात विमानं रांग लावून थांबतात, आणि जुनी इमारत त्या गर्दीला पुरत नाही. म्हणून विमानं उभी करायची जागा वाढवायची होती आणि भाड्याच्या गाड्यांसाठी मोठा वाहनतळ करायचा होता. तिथला एक अभियंता दर आठवड्याला पडद्यावर आमच्याशी बोलायचा. मनमोकळा माणूस. एकदा गप्पांत लोकसंख्या निघाली, तेव्हा मी त्याला म्हणालो, "तुमच्या अख्ख्या बेटावर राहतात त्यापेक्षा जास्त माणसं आमच्या नालासोपाऱ्यात राहतील." तो हसला आणि म्हणाला, "मग ऑगस्टमध्ये तुम्हाला इथे घरच्यासारखं वाटेल."

आमचं घर वसईतच, होळी म्हणतात त्या बाजाराच्या बाजूला. वडिलांची वाडी होती: केळी, पानवेली, कडेला सोनचाफा. आता निम्मी उरली आहे. घरी आम्ही आमची ख्रिस्ती बोली बोलतो, पण ती बाहेरच्यांना चटकन कळत नाही, म्हणून वडिलांचं बोलणं इथे सरळ मराठीत लिहितो. मी विमानतळाचं सांगितलं तेव्हा ते जेवता जेवता थांबले.

"एवढे लोक तिथे करतात काय?"

"समुद्रावर जातात. उन्हात झोपतात."

"उन्हात झोपायला विमानाने जातात?" त्यांनी माझ्या बायकोकडे बघितलं. "सूनबाई, आपली खळ्यातली जागा भाड्याने देऊन टाक."

सगळे हसले, त्यात मीही होतो. मला त्या कामाचा अभिमान होता, हे आधी सांगितलं पाहिजे. कार्यालयात बहुतेक मंडळी सदनिकांत वाढलेली. बांध, पाट, रोपवाटिका असलं काही नकाशात आलं की सगळे माझ्याकडे येत. व्यवस्थापक माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. तो सर्वांदेखत म्हणायचा, "शेतीचं काही असेल तर अंकलना विचारा. अंकल आपले सातबारा आहेत." मला ते आवडायचं.

वाहनतळासाठी जी जमीन घ्यायची होती तिची पाहणी ड्रोनने आणि माणसांनी अशी दोन्ही प्रकारे झाली होती. प्रत्येक झाड, भिंत, शेड, विहीर यांचे फोटो आमच्याकडे आले. आमचं काम असं की प्रत्येक वस्तू नकाशावर तिच्या जागी बसवायची आणि सोबतच्या तक्त्यात तिची स्थिती भरायची: चालू किंवा बंद. तिथल्या अभियंत्यांचा निर्णय या तक्त्यावर अवलंबून असायचा. विहीर चालू असेल तर हद्द वळवायची किंवा मालकाला दुसरीकडून पाणी द्यायचं. बंद असेल तर बुजवायची. फोटोवरून कळलं नाही तर शंकांच्या यादीत टाकायचं. तिथला माणूस जागेवर जाऊन बघून येई. त्यात दोन-तीन दिवस जात.

वाहनतळाच्या एका कडेला लिंबांची बाग होती. बाग हद्दीबाहेर, पण तिची विहीर हद्दीच्या आत, सात-आठ पावलांवर. फोटोत विहिरीवर दगडी फरशा टाकलेल्या दिसत होत्या. फरशांवर धूळ, सांध्यांत वाळलेलं गवत. मी एका नजरेत ठरवलं आणि तक्त्यात 'बंद' लिहिलं.

का, ते सांगतो. आमच्याकडे विहीर उघडी असते. बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, तेही उघडं असतं. ज्या पाण्यावर रहाट फिरला, नंतर पंप बसला, त्यावर कोणी झाकण ठेवत नाही. पाण्याने आभाळ बघायला हवं असं आमची म्हातारी माणसं म्हणत. लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून बायका विहिरीवर पाणी आणायला जातात, ते काय फरशी उचलून? आमच्या गावात विहीर झाकतात ती दोनच कारणांनी. कोणी तिच्यात गेलं तर, किंवा पाणी खारं झालं तर. आमची स्वतःची दुसरी विहीर खारी झाली तेव्हा वडिलांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून तिच्यावर फरशा सरकवल्या. मी तेव्हा शाळेत होतो. वडील त्या दिवशी जेवले नाहीत. त्या फरशा पुन्हा कोणी हलवल्या नाहीत. झाकलेली विहीर म्हणजे मेलेली विहीर, हे मला कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

माझ्या शेजारच्या टेबलावर जूचंद्र गावची एक बाई बसते. तिशीची आहे, दोन मुलांची आई. तक्ते तपासायचं काम तिचं. तिने माझ्या पडद्याकडे बोट दाखवलं.

"सर, ही बंद कशी? झाडं तर हिरवीगार हायत. पानी कुठून तरी येतच असनार."

"पाऊस पडतो तिथे."

"या फोटोंत तर सगळं सुकलेलं दिसतंय. गवत बघा. आनि लिंबं तेवढी हिरवी?"

मला राग आला. बोलण्यात काही खोट नव्हती, आणि त्याचाच राग आला. मी जरा मोठ्याने म्हणालो, "तुमच्याकडे मिठागरं. तुला गोड्या पाण्याचं काय कळतंय?"

दोघं-तिघं हसले. ती म्हणाली, "मिठागरवाल्यांनाच गोड्या पान्याची किंमत असते, सर. दोन किलोमीटरवरून आनायची माझी आजी." आणि स्वतःच्या टेबलाकडे वळली. तिने तक्त्यावर शंकेची खूण केली नाही. मी ज्येष्ठ होतो.

नकाशा त्याच दिवशी गेला. व्यवस्थापकाने सगळ्यांना समोसे मागवले.

इथपर्यंत ती नुसती चूक होती. माणसाच्या हातून चूक होते आणि मी ती सांगून मोकळा झालो असतो. पण दोन दिवसांनी त्याच बागेच्या भिंतींची मापं जुळवताना मी दुसऱ्या बाजूने काढलेला एक फोटो मोठा करून पाहिला. फरशीच्या खाचेतून अंगठ्याएवढी काळी नळी बाहेर आली होती. ती भिंतीच्या कडेने जाऊन पहिल्या लिंबाच्या आळ्यात उतरत होती. आळं ओलं होतं. फोटोतही ओली माती कळते. निदान मला कळते.

मी तो फोटो बंद केला. शंकांची यादी उघडी होती, एक ओळ लिहायची होती. पण ती ओळ लिहिली असती तर पाठवलेला नकाशा परत मागवावा लागला असता, व्यवस्थापकाला सांगावं लागलं असतं, आणि शेजारच्या टेबलाकडे वळून 'तुझं बरोबर होतं' असं म्हणावं लागलं असतं. खरं सांगायचं तर त्या तिसऱ्याच गोष्टीने मला अडवलं. मी स्वतःला सांगितलं की तिथला अभियंता बुजवण्याआधी जागेवर जाईलच. त्याला दिसेलच. मी चहा प्यायला खाली गेलो.

काही महिन्यांनी बेटावरच्या लोकांच्या हरकती आल्या. तिथे नकाशा लोकांपुढे ठेवावा लागतो, आणि ज्यांना म्हणणं मांडायचं असेल ते लिहून देतात. बहुतेक हरकती आवाजाच्या आणि धुळीच्या. एक हरकत एका बाईची होती. बहुधा म्हातारी असावी. अक्षर थरथरतं, आणि खाली कोणीतरी केलेलं इंग्रजी भाषांतर. तिने लिहिलं होतं की तुमच्या तक्त्यात माझी विहीर बंद दाखवली आहे, ती बंद नाही. ऊन पाणी पिऊन टाकतं म्हणून माझ्या नवऱ्याने तिच्यावर फरशा घातल्या. तो गेला, पण विहीर आहे. माझी लिंबं त्या पाण्यावर आहेत.

प्रत्येक हरकतीसमोर उत्तराचा रकाना होता. नकाशाशी संबंधित उत्तरं आमच्याकडून हवी होती. व्यवस्थापक माझ्या टेबलाशी आला.

"अंकल, ही विहिरीवाली तुमची आहे. काय लिहायचं?"

मी म्हणालो, "बघतो परत एकदा."

"बघा, पण नवीन काही काढू नका हां, प्लीज. क्लायंट ऑलरेडी तापलाय. हद्द हलली तर सगळी ड्रेनेजची ड्रॉइंग्ज परत. तुम्हीच तर बघितली होती ना नीट?"

"हो."

"मग झालं."

मी रकान्यात लिहिलं: 'पाहणीच्या छायाचित्रांनुसार विहीर वापरात नाही. नकाशात बदल नाही.' त्या छायाचित्रांतलं एक मी स्वतः बंद केलं होतं. शेजारच्या टेबलावरची बाई टाइप करत होती. तिने ऐकलं होतं, हे मला तिच्या बोटांच्या थांबण्यावरून कळलं.

त्यानंतर काम सुरू झालं आणि दर महिन्याला वरून काढलेले फोटो येऊ लागले. ते नकाशावर बसवून किती काम झालं ते दाखवायचं, हेही माझ्याकडेच. पहिल्या महिन्यात हद्दीवर जाळी आली. दुसऱ्या महिन्यात फरशांच्या जागी पांढऱ्या खडीचा चौकोन होता. तो मी मोठा करून बघितला, नुसती खडी. त्याच्या पलीकडे बाग, तेव्हा हिरवी. तिसऱ्या महिन्यात तो हिरवा रंग उडाल्यासारखा. चौथ्या महिन्यात विमानतळाचं काम छान पुढे गेलेलं, नव्या जागेवर दोन विमानं उभीसुद्धा, आणि कडेला झाडांचे करडे ठिपके. मी ते ठिपके मोजले नाहीत. मोजायचं धाडस झालं नाही.

एका रविवारी दुपारी मी तो फोटो फोनवर वडिलांना दाखवला. कोणाची बाग, कुठली, काही सांगितलं नाही. "हे बघा, या लिंबांना काय झालं असेल?"

त्यांनी चष्मा वर केला, फोन डोळ्यांजवळ नेला. "झालं काय म्हणजे? पाणी तोडलंय. रोग असता तर एखादं झाड आधी गेलं असतं. ही सगळी एकदम गेलीत." मग बोटाने पांढऱ्या चौकोनावर टिचकी मारली. "इथे काय होतं?"

"विहीर."

"कोणी बुजवली?"

मी म्हणालो, "विमानतळवाल्यांनी."

"गाढव आहेत," असं म्हणून त्यांनी फोन परत दिला. "त्यांना सांगणारं कोणी नव्हतं का?"

वडील चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.

ईस्टरच्या आधी पापनिवेदनाला गेलो. आमचे फादर याच भागातले, शेतकरी घरातले. मी जाळीच्या अलीकडे बसून सगळं सांगितलं: नळी, फोटो, रकाना. नळीचं सांगताना माझा आवाज खाली गेला, तेव्हा ते म्हणाले, "मोठ्याने बोल. इथे आपण दोघंच आहोत." सगळं ऐकून त्यांनी विचारलं,

"त्या बाईला माहीत आहे का हे?"

"नाही, फादर."

"तुझ्या कचेरीत?"

"नाही."

"मग मला सांगून लिंबांना पाणी मिळणार आहे का?" त्यांचा आवाज कठोर नव्हता, थकलेला होता. "देवाची क्षमा आहेच रे. पण ज्याला सांगायचं त्याला सोडून तू माझ्याकडे आलास. जा, आधी तिथे सांग. ज्यांना पाणी द्यायचा अधिकार आहे त्यांना."

सोमवारी सकाळी मी व्यवस्थापकाला सांगितलं. तो आधी हसला, मग दार लावून घेतलं. "अंकल, आता काय फायदा? विहीर बुजली. तुम्ही हे लिहून दिलंत तर आपल्या सगळ्या पाहण्या परत तपासायला काढतील ते. चाळीस लोकांचं काम आहे इथे." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी त्याला म्हणालो की मी कार्यालयाच्या नावाने लिहिणार नाही, माझ्या नावाने लिहीन. "नाव तुमचं, लेटरहेड कोणाचं?" तो म्हणाला.

तरी मी लिहिलं. दुपारी दोन वाजता, म्हणजे बेटावर सकाळी, त्या अभियंत्याला सगळं कळवलं आणि नळीचा फोटो जोडला. पाच मिनिटांत त्याचा फोन आला. माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं. तो नुसतं विचारत राहिला, "पण तुम्ही बंद का लिहिलंत? झाकलेली दिसत होती ना?"

"झाकलेली होती म्हणूनच," मी म्हणालो, आणि आमच्याकडची रीत सांगितली.

तो म्हणाला, "इथे उलट आहे. आमच्या बेटावर उघडी पडलेली विहीर म्हणजे मेलेली. जिच्यात पाणी आहे ती प्रत्येक जण झाकतो." आणि थोड्या वेळाने, "मी जागेवर गेलो नाही. तक्ता बघितला आणि सही केली. हे मलाही लिहावं लागेल."

त्याने लिहिलं की नाही, मला ठाऊक नाही. संध्याकाळी मला विमानतळाच्या कामावरून काढलं. नोकरी गेली नाही. नायगावच्या एका इमारतीचे जिने आणि लिफ्ट यांच्यावर बसवलं. टेबल आवरताना मी शेजारच्या बाईशी बोललो. "तुझं बरोबर होतं. मी त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो, ते सगळ्यांसमोरच परत घ्यायला हवं."

"नको," ती म्हणाली. "मला हसले ते इसरून गेलेत. आनि मी बी गप्प बसलेच ना. नोकरी लागते, सर. माझी मोठी दहावीला हाय." मग माझ्या हातातली फाइल घेऊन ती माझ्या नव्या टेबलापर्यंत आली.

अभियंत्याचा मेल दोन महिन्यांनी आला, त्याच्या खाजगी मेल-पत्त्यावरून. विमानतळाच्या पाण्याच्या वाहिनीतून बागेला एक जोडणी दिली होती. बरीच झाडं गेली होती. अकरा जगतील असं तिथल्या माळ्याचं म्हणणं. बाईने आधी जोडणी घ्यायला नकार दिला. हे पाणी औषधाच्या वासाचं आहे, माझ्या लिंबांना चालणार नाही, असं ती म्हणत होती. तिच्या भाचीने समजावलं. मग त्याने लिहिलं होतं की चूक कोणाची ते तिने विचारलं, आणि त्याने खरं सांगितलं: 'भारतातल्या एका माणसाची, आणि माझी.' तो माणूस बागायतदाराचा मुलगा आहे, हेही सांगितलं, तिचा राग जरा कमी व्हावा म्हणून.

'ती रागावली नाही,' त्याने लिहिलं होतं. 'तिने एवढंच विचारलं, की बागायतदाराचा मुलगा असून त्याला नळी दिसली कशी नाही.'

मेल मी जेवणाच्या सुट्टीत वाचला. समोर लिफ्टच्या खड्ड्याचा नकाशा होता. आधी एक लांब उत्तर लिहिलं, त्यात आमच्या खाऱ्या विहिरीचं होतं, फरशांचं होतं, त्या दिवसाच्या घाईचं होतं. ते सगळं पुसलं. एकच ओळ ठेवली आणि तिला कळवा म्हणून पाठवली.

दिसली होती, दोन दिवसांनी. मी सांगितलं नाही.